'डेटा क्वालिटी'ला मराठीत काय म्हणावं?

टाकबोरू: फेरफार नोंदीच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कातला बदल दप्तरी चढवण्याच्या, कामाचा प्रक्रिया-आराखडा मराठीत आणायचा आहे. प्रत्येक चौकटीखाली 'डेटा क्वालिटी' असा रकाना आहे. 'माहितीची गुणवत्ता' लिहिलं तर हरकत आली, की गुणवत्ता परीक्षेच्या यादीत असते, नोंदीत नाही. 'डेटा'साठी घडवलेला 'विदा' हा शब्द तलाठ्याला कळेल?

मोडीवाचक: 'विदा' नको. आधी गुण कुठला ते ठरवा. जुन्या सातबारा उताऱ्यावरचे २ एकर २० गुंठे, म्हणजे '२-२०', हेक्टर-आरच्या रकान्यात २.२० म्हणून चढले, की १ हेक्टर १ आरची जमीन दुपटीहून मोठी होते. इथे 'बिनचूक' पुरतो. वारसनोंद राहिली असेल तर आकडा चुकलेला नसतो, नोंद शिळी असते. तिथे 'अद्ययावत'.

प्रक्रियाकार: आणि 'प्रमाणित' चुकूनही लिहू नका! महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या (१९६६) कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. नुसती धरली जाते. खरी पारख त्याआधीच, नमुना ९ च्या, म्हणजे हितसंबंधितांना फेरफार कळवणाऱ्या, नोटिशीनंतरच्या हरकतीच्या १५ दिवसांत होते. सासरी गेलेल्या बहिणीला नोटीस पोचलीच नाही तर हरकत येत नाही, ६-अ च्या, म्हणजे हरकतींच्या, नोंदवहीत काही चढत नाही आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात. म्हणून 'नोटीस काढली' आणि 'नोटीस बजावली' अशा दोन चौकटी करा. दुसरीत पोच आणि तारीख.

शब्दवेडा: मग शब्द तयार आहे, खातरजमा. फारसीतून आलेलं 'खातिर' म्हणजे मन, 'जमा' म्हणजे एकवटलेलं. कुणाचं मन निर्धास्त झालं, ते शब्दच विचारतो.

मोडीवाचक: 'पडताळणी' असताना फारसी कशाला?

शब्दवेडा: पडताळणी कागदाची कागदाशी. दस्त उताऱ्याशी जुळला, झाली. बांधावर कसतो कोण, याची खातरजमाच करावी लागते. आणि फारसी-अरबी नको तर 'दप्तर' आणि 'महसूल'सुद्धा सोडा.

मोडीवाचक: रुळलेले राहू देत. पण खातरजमा ही कृती आहे, रकान्याला गुण हवा.

टाकबोरू: 'विश्वासार्हता'?

प्रक्रियाकार: कुणाच्या लेखी? बँक सातबाराच्या 'इतर हक्क' रकान्यातला बोजा, म्हणजे जमिनीवरचं कर्ज, बघते, पीक विमावाले नमुना १२ वरचं, म्हणजे सातबाराच्या पिकांच्या भागातलं, पीक. फेरफार नोंद भरतो तलाठी, चुकीचा फटका बसतो खातेदाराला. रकान्याच्या नावाआधी 'नोंद कुणी तपासली, कुणासाठी' हे दोन रकाने वाढवा.

शब्दवेडा: 'बोजा' की 'बोझा'?

मोडीवाचक: उताऱ्यावर 'बोजा'च. 'बोझा' हिंदीच्या वळणाचा वाटतो.

शब्दवेडा: वळण हिंदीचं कसं? मराठी 'ओझं'मधला 'झ' बघा की आधी.