हाती आलेलं रानपाखरू: कोकणातले तुमचे अनुभव

उन्हं तापायला लागली की आपल्याकडे घरट्यांचे दिवस सुरू होतात, ते पार गणपतीपर्यंत. आंबे उतरवताना, नारळ काढायला माडावर पाडेली चढल्यावर, वळवाच्या पहिल्या दणक्यात कुणाच्या ना कुणाच्या अंगणात पिल्लू पडतंच. तुमच्याकडे आलेल्या पिल्लाचं काय झालं ते इथे सविस्तर लिहा. काय भरवलं, कुठे ठेवलं, उडालं का, तेही. जे वाचलं नाही त्याच्याबद्दलही लिहा, पुढच्याला त्याचाच जास्त उपयोग होतो.

रानपक्षी घरी पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पिंजऱ्यातला देशी पोपटसुद्धा त्यात आला. म्हणून पिल्लू हाती आलं की आधी वनविभागाला १९२६ वर फोन करायचा. त्यांची माणसं पोचेपर्यंत आपण सांभाळतो, ते सांभाळणं नीट व्हावं एवढ्यासाठी हा धागा.

देवगडहून

हापूसच्या कलमाखाली बुलबुलाचं पिल्लू सापडलं. अंगभर पिसं, शेपूट मात्र बोटभरही नाही. मी ते उचलून घरात आणायला निघाले तर आजी पडवीतूनच ओरडली, "गे बाय, त्याका थयच ठेव, आवस येतली त्याची!" मांजराच्या भीतीने मी ते उचलून वरच्या फांदीवर बसवलं आणि लांब जाऊन थांबले. थोड्या वेळाने आई चोचीत हिरवी अळी घेऊन आली आणि भरवून गेली. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते असं सगळे सांगतात, पण ते खरं नाही. पिसं आलेलं पिल्लू बहुतेक वेळा अनाथ नसतं, उडायला शिकत असतं.

गुहागर तालुक्यातून

आमच्या वाडीच्या रस्त्यासाठी जेसीबीने दरड कापली, तेव्हा जांभ्याखालच्या मातीतलं खंड्याचं बीळ फुटलं. एक पिल्लू जागीच गेलं. दुसरं चिखलात हलत होतं. बीळच राहिलं नव्हतं, परत ठेवणार कुठे? वनविभागाला फोन केला, पण पाऊस धो धो आणि घाटात दरड आलेली. "आम्ही येईपर्यंत ऊब द्या, पाणी पाजू नका," असं सांगितलं.

खंड्याचं पिल्लू ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पिसं फुटतात पण बरेच दिवस नळ्यांतच बंद राहतात, त्यामुळे ते इवलंसं साळिंदर दिसतं. अंगाला बिळातल्या कुजक्या माशांचा भपकारा. आईने मोठ्या करवंटीत काथ्या पसरला, करवंटी खोक्यात ठेवली, शेजारी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून. आधी अंग गरम होऊ दिलं आणि मगच खायला दिलं. गार पडलेल्या पिल्लाला खाणं पचत नाही.

वहाळातले, म्हणजे ओढ्यातले बारीक मासे, नाकतोडे, पाली असं सगळं चाललं. मासा नेहमी डोक्याकडून द्यायचा. शेपटीकडून दिला तर पर आणि खवले घशात अडकतात. मीठ लावलेलं सुकं अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लाने मान ताणली, चोच वासली आणि काट्याखवल्यांची एक गोळी बाहेर टाकली. आई घाबरली, पण ते खंड्याचं नेहमीचंच असतं, न पचलेलं असंच टाकून देतो.

रस्ता सुटल्यावर वनरक्षक पशुवैद्यांना घेऊन आले. पंख, पाय तपासले आणि त्यांच्या देखरेखीखाली ते आमच्या परसातच ठेवायचं ठरलं. जुन्या जाळ्याची खोली बांधली, घमेल्यात जिवंत मासे सोडले. आम्ही समोर कमीत कमी जायचो, नाव ठेवलं नाही, हातावर बसवलं नाही. भाचरं रुसली त्यावरून. पण माणसाला सोकावलेला पक्षी बाहेर गेला की पहिल्या कुत्र्याच्या तोंडी जातो. स्वतः सूर मारून मासे धरायला लागल्यावर जाळं उघडलं. तिसऱ्या प्रहरी तो वहाळाकडे गेला.

रत्नागिरी जिल्ह्यातून, मी पशुवैद्य आहे

माझ्याकडे येणारी पिल्लं उपाशी क्वचित असतात. ड्रॉपरने पाजलेल्या पाण्यामुळेच जास्त येतात. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशी श्वासनलिकेचं तोंड उघडंच असतं, चोचीत पाणी ओतलं की ते थेट फुफ्फुसात. पिल्लाला लागणारं पाणी बहुतेक खाण्यातूनच मिळतं. दूध पक्ष्यांना पचत नाही. दूधपोळीवर वाढवलेल्या पिल्लांचे पाय वाकडे होतात, हाडात कॅल्शियमच नसतं, आणि ते मागाहून सुधारणं फार अवघड. कळकळीने सांगतो, पिल्लू कुठलं ते ओळखल्याशिवाय काहीही भरवू नका. ऊब, अंधार, शांतता, एवढंच द्या आणि फोन करा.

श्रीवर्धनहून

३ जून २०२०, निसर्ग वादळ. वाडीतल्या पोफळी आडव्या, चिंच मुळासकट उपटलेली आणि तिच्यावरची वंचक बगळ्यांची घरटी चिखलात. वीज नाही, फोन नाही, मदत मागणार कुणाकडे? त्यात बोटीही बंद. भावाने खाडीत पाग टाकून मिळतील तेवढे मासे आणले. बगळ्याचं पिल्लू समोरच्याच्या डोळ्यावर चोच मारतं, म्हणून चष्मा लावून, मान धरून भरवायचो. निम्म्याहून जास्त मेली. थंडीनेच गेली बहुतेक, सुकं फडकं नव्हतं घरात. उरलेली संपर्क सुरू झाल्यावर वनविभागाकडे दिली. अजून वाईट वाटतं.

वेंगुर्ल्याहून

कावळ्याच्या घरट्याखाली कोकिळेचं पिल्लू पडलेलं दिसलं तर "आई कुठे असेल" म्हणून कोकिळा शोधू नका. त्याला भरवतात कावळेच. आमच्याकडे कावळे डोक्यावर झडप घालत होते, म्हणजे पालक हजर. फणसावर टोपली बांधून पिल्लू तीत ठेवलं, कावळ्यांनी येऊन भरवलं.

मालवणहून

आमचं घर वर्षभर बंद असतं, गणपतीला मुंबईहून येऊन उघडतो. गेल्या खेपेला माळ्यावरून फिस्स फिस्स ऐकू आलं, सगळ्यांना वाटलं साप. बॅटरी मारली तर गव्हाणी घुबडाची पांढरी पिल्लं, खाली उंदरांच्या हाडांच्या गोळ्या. काका म्हणाले, सणाच्या घरात घुबड नको. आत्या म्हणाली, आपण नसताना घर राखणारे तेच. शेवटी माळ्याचं दार लावून घेतलं, फटाके आणले नाहीत, आरती केली ती टाळांवर. फुटक्या कौलातून रात्री आईबाप उंदीर घेऊन ये-जा करत होते. वाडीबाहेरचा एकजण दिवाळीतल्या जादूटोण्यासाठी पिल्लं विकत मागायला आला, त्याला हाकललं आणि वनविभागाला कळवलं. पिल्लं त्याच माळ्यावरून उडाली.

आता छप्पर नवं करायचं आहे आणि फुटकं कौल जाणार. त्याच जागी घुबडांसाठी पेटी बसवायचा विचार आहे. कुणी बसवली असेल तर तोंड किती मोठं ठेवलंत, आणि मांजर वर चढू नये म्हणून काय केलंत, ते लिहा. सुतार पुढच्या आठवड्यात येतोय.