मदत हवी आहे: जुन्या साइडबोर्डचं व्हेनियर फुगलंय, इस्त्री फिरवू का?

मंडळी, सासूबाईंच्या गिरगावातल्या घरातला सागवानी व्हेनियरचा (वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला) साइडबोर्ड आता आमच्याकडे डोंबिवलीत आहे. यंदा खिडकीतून झड आत आली आणि आम्ही नेमके गावी. परत येऊन बघतो तर वरच्या फळीवर तीन फुगे आणि पुढच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. टवका सापडत नाही (बहुतेक केरात गेला, कोणी झाडलं ही चौकशी घरात बंद आहे).

सुतार आला, बघितलं न बघितलंसं केलं आणि म्हणाला, "खरवडून सनमायका मारू." सासूबाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

मी फळीभर नखाने टिचक्या मारत गेले. चिकटलेल्या जागी टक्क वाजतं, फुग्यांवर पोकळ. पण दिसायला सपाट अशी वीतभर जागाही पोकळ वाजते, तिथे खडूने खूण केलीय. कोपऱ्यात तपकिरी, काचेसारखी ठिसूळ खपली होती, ती गरम पाण्यात बुळबुळीत झाली. म्हणजे सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा जुना डिंक) ना? मागच्या बाजूला स्पिरिटचा बोळा लावला तर पॉलिश चिकट होऊन कापसाला आलं, तेव्हा लाखेचं असावं.

ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवू, की सिरिंजने फेव्हिकॉल सोडू? आणि कोपऱ्याला ठिगळ कशाचं? जुनं व्हेनियर जवळजवळ 1 मिलिमीटर जाड आहे, दुकानातलं त्याच्या निम्मं.

प्रतिसाद

ताई, हो, सरसच. आणि फेव्हिकॉल नको, जुन्या सरसावर तो नीट धरत नाही.

आधी फळी पूर्ण वाळू द्या. मग फुग्यावर नव्या ब्लेडने लाकडाच्या रेषेच्या दिशेने चीर द्या, आडवी अजिबात नाही. सरसाचे दाणे रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून पातळ करा. उकळू नका, त्याचा दम जातो. चिरेतून आत सारा, ओल्या फडक्यावरून मध्यम इस्त्री काही सेकंदच. लगेच प्लास्टिकचा कागद, सपाट फळी आणि वर पाटा, 24 तास. तिथलं पॉलिश पांढरं पडेल, घाबरू नका, ते नाहीतरी नव्याने करायचंय.

ठिगळ त्याच फळीच्या भिंतीकडच्या कडेतून कापा. जाडी जुळेल, रंगही बराचसा. त्या जागी दुकानातलं दोन थर चिकटवून बसवा, कोण बघतंय! सांधा तिरका ठेवा, रेषांना आडवा गेला की लांबूनही दिसतो. घासायला मशीन नको, हाताने 220 नंबरचा पॉलिश पेपर. व्हेनियर एकदा आरपार घासलं गेलं की उपाय नाही.

वरून चपड्याचंच, म्हणजे लाखेचंच पॉलिश. दमट हवेत मारलंत तर त्यावर पांढुरकं धुकं येतं, म्हणून दिवाळीनंतर करा.

धागाकर्ती

आभार! सगळ्यात लहान फुगा बसला, नखाने वाजवला तर टक्क. मोठ्याची एक कड मात्र अजून पोकळ वाजतेय. त्याच चिरेतून पुन्हा सरस सोडू, की शेजारी दुसरी चीर देऊ? सरसाच्या वासाने घरचे बाल्कनीत जेवताहेत, तेव्हा जरा लवकर सांगा.