अनुभव धागा : लांब पल्ल्याच्या वाटेवर दिवसभराचा पाऊस

एका दिवसाच्या ट्रेकला भिजलं तरी संध्याकाळी घरी कपडे बदलता येतात. सलग कित्येक आठवडे चालायच्या वाटेवर आजचं ओलं उद्या पुन्हा अंगावर चढवायचं असतं. अशा पावसाळी दिवसाचं तुमचं तंत्र इथे लिहा. ‘काळजी घ्या’ एवढंच नको. काय, किती, कोणत्या क्रमाने आणि चुकतं ते का, हे हवं. सुरुवात मी करतो.

सात-आठ तास पावसात चाललं की अंगावरचं सगळं ओलं होणार, हे धरूनच चाला. कोरडं राहिलंच पाहिजे असं दोनच गोष्टींचं : स्लीपिंग बॅग आणि झोपायचे कपडे. नुसतं रेनकव्हर त्याला पुरत नाही. पाणी पाठीकडून, पट्ट्यांवरून ओघळत आत शिरतं आणि सॅकच्या तळाशी साचतं. बंदोबस्त आतून करावा. ५० लिटरच्या सॅकमध्ये ७०-८० लिटरची जाड प्लास्टिकची पिशवी घाला, सामान भरल्यावर हवा दाबून काढा, तोंडाला पीळ द्या आणि दुमडून खाली खोचा. ओला तंबू या पिशवीच्या बाहेरच राहू दे. सकाळी पाऊस असेल तर कालचे ओले कपडेच घालायचे. जिवावर येतं, पण कोरडे घालून निघालात तर रात्रीसाठी काही उरत नाही.

* * *

जॅकेटबद्दल लिहिते. ‘जॅकेट गळतंय’ असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ते गळत नसतं. बाहेरच्या कापडावर पाणी घरंगळवणारा लेप असतो. मळ, अंगाचं तेल आणि पट्ट्यांचं घर्षण यांनी तो निकामी होतो, खांद्यांवर सगळ्यात आधी. मग कापड पाणी पितं, आतली वाफ अडते आणि आपण घामानेच भिजतो. म्हणून निघण्याआधी जॅकेट त्यासाठीच्या खास द्रावणाने धुवा. कपड्यांचा सुगंधी कंडिशनर अजिबात नको. लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ड्रायरमध्ये मंद उष्णतेवर वाळवा, लेप बराचसा परत जागा होतो. तरीही थेंब मोत्यासारखे घरंगळले नाहीत तर नवीन लेपाचा फवारा मारायची वेळ आली.

चढ लागायच्या आधी आतला एक थर काढा आणि काखेतल्या चेन उघडा. पहिली दहा मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. सुरुवातीलाच ऊब वाटत असेल तर अर्ध्या तासात आतून चिंब. वारा नसेल आणि वाट रुंद असेल तर हलकी छत्री या सगळ्यापेक्षा बरी. डोंगराच्या उघड्या धारेवर मात्र ती उपयोगाची नाही.

* * *

वॉटरप्रूफ बुटांचा सल्ला सर्रास दिला जातो, मला तो लांबच्या वाटेसाठी पटत नाही. पाणी वरून, घोट्याकडून आत जातं आणि मग बाहेर पडत नाही. असे बूट वाळायला दिवस लागतात. जाळीदार हलक्या बुटांतून पाणी चालता चालताच निघून जातं. बर्फाळ चिखल असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ऊब महत्त्वाची.

पाय खराब होतात ते कातडी फुगून मऊ पडल्यामुळे. पांढरी, सुरकुतलेली कातडी जरा घासली तरी सोलवटते. सकाळी टाचा आणि बोटांच्या मधे पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्या. आडोशाला थांबाल तेव्हा बूट काढून मोजे पिळा आणि पायांना दहा-पंधरा मिनिटं हवा लागू द्या. रात्री पाय पुसून, पूर्ण वाळवून, फक्त झोपण्यासाठी राखलेले मोजे घाला. पाय बधिर, फिकट किंवा निळसर झाले आणि ऊब मिळताच जळजळू लागले, तर चाल थांबवायची. यासाठी तापमान शून्याखाली जावं लागत नाही. चोळू नका, हळूहळू उबदार करा, पाय उंचावर ठेवा.

* * *

ओढ्यांबद्दल अजून कुणी लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते खरा धोका तिथेच आहे. पाणी गढूळ झालंय, फांद्या वाहून येतायत, तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एकही दिसलं तरी उतरू नका. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तरीही नको. काठावर काठी रोवून पाण्याची खूण करा आणि दहा मिनिटांनी बघा, चढतंय की उतरतंय ते कळतं. लहान ओढे पाऊस थांबल्यावर बरेचदा काही तासांत उतरतात, म्हणून सॅकमध्ये एका दिवसाचं जादा खाणं याच कामासाठी असावं. खाणं संपत आलं की माणूस नको तिथे पाय टाकतो.

ओलांडायचंच ठरलं तर पात्र पसरट असेल ती जागा निवडा, अरुंद जागी पाणी खोल आणि जोरात असतं. खालच्या अंगाला धबधबा किंवा आडवी पडलेली झाडं नाहीत हे आधी बघा. बूट पायातच ठेवा. कंबरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, एका वेळी एकच टेकू, म्हणजे काठी किंवा एक पाय, हलवायचा.

* * *

वेळेचा हिशोब : १८९२ साली स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी सांगितलेला नियम सोपा आहे, साधारण ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. पावसात त्यावर मी एक तृतीयांश वाढवते. ओली मुळं, शेवाळलेले दगड आणि लाकडी फळ्या यांवर पावलं आखूडच पडतात.

* * *

गारठ्याची लक्षणं सोबत्याला आधी दिसतात. चेन लावता येत नाही, पाय अडखळतात, बोलणं जड होतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया, आणि ओलं अंग व वारा असेल तर ८-१० अंशांच्या हवेतही तो होतो. कुडकुडणं थांबलं आणि माणूस गुंगू लागला तर ते बरं होण्याचं नाही, बिघडण्याचं लक्षण. लगेच आडोसा, ओले कपडे उतरवा, खाली मॅट, राखून ठेवलेले कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग. शुद्धीत असेल आणि नीट गिळता येत असेल तरच गरम गोड पेय. दारू नको, हातपाय चोळणं नको. हे टाळायचं तर दर तासाला चालता चालता खा, खाऊ कंबरेच्या खिशात ठेवा. सॅक उघडावी लागली की माणूस खाणं पुढे ढकलतो.

* * *

थोडक्यात दोन : चार्जिंगचं भोक ओलं असताना फोन चार्जिंगला लावू नका. गडगडाट झाला की धारेवरून खाली उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं वर जाऊ नका.

* * *

तंबू लावताना खोलगट जागा टाळा, तिथली माती दाबून सपाट झालेली असते आणि पाणी मुरत नाही. खाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या बाहेर डोकावता कामा नये, नाहीतर छतावरून पडलेलं पाणी तेच तुमच्या खाली आणून सोडतं. नायलॉनचं छत ओलं झालं की सैलावतं, झोपण्याआधी दोऱ्या पुन्हा ताणा. झरोके उघडेच ठेवा. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सकाळी बाहेरचं छत उभं ठेवून त्याखाली सगळी सॅक भरा, छत शेवटी झटकून बाहेरच्या खिशात. दिवसा उन्हाची तिरीप आली की तिथेच थांबून वीस मिनिटं ते पसरा, संध्याकाळी ऊन असेल या भरवशावर राहू नका.