वेगाने येणारे हिमवादळ : इशारा लवकर हवा की नेमका?

न्यूजर्सीकर (मूळ मांडणी)

उद्या मध्यरात्रीनंतर केव्हातरी उत्तर न्यू जर्सीत एक 'अल्बर्टा क्लिपर' पोहोचेल, असा अंदाज आहे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात, रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला तयार होणारी आणि उंचावरील जेट प्रवाहाच्या रेट्याने पंचमहासरोवरांवरून अटलांटिककडे धावणारी ही वादळे दोन-तीन दिवसांत निम्मे खंड पार करतात. त्यांच्यात बाष्प बेताचे असते, म्हणून बर्फ बहुतेक वेळा दोन-चार इंचांवर थांबतो. मात्र वारा आणि पाठोपाठ येणारी थंडी कडक असते. परवा पहाटे पुण्याहून येणाऱ्या आईवडिलांना आणायला मला नेवार्क विमानतळावर जायचे आहे, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ चर्चेचा नाही.

माझा आक्षेप अंदाज वर्तवण्यावर नसून तो आपल्यापर्यंत ज्या रीतीने येतो त्या रीतीवर आहे. गेले तीन दिवस फोन, दूरचित्रवाणी आणि मुलाच्या शाळेचे ई-मेल यांतून या वादळाखेरीज दुसरे काही ऐकू आलेले नाही, आणि या तीन दिवसांत आकडा एका इंचावरून सहा इंचांवर गेला व पुन्हा तिनावर आला. लहान आणि वेगवान वादळाच्या बाबतीत असे होणारच. ताशी चाळीस-पन्नास मैल वेगाने सरकणाऱ्या वादळाचा बर्फाचा पट्टा अरुंद असतो, आणि तो थोडासा उत्तरेला सरकला तरी आमच्या अंगणात नुसती भुरभुर उरते. जे इतक्या आधी ठाऊक असणे शक्यच नाही, ते इतक्या मोठ्या आवाजात का सांगावे?

२६ जानेवारी २०१५ ची रात्र येथे राहणारे विसरलेले नाहीत. न्यूयॉर्क शहरात वीस ते तीस इंच बर्फ पडेल असे सांगण्यात आले, तेथील भुयारी रेल्वे तिच्या इतिहासात पहिल्यांदाच बर्फासाठी बंद ठेवण्यात आली, आणि सेंट्रल पार्कमध्ये मोजणी झाली ९.८ इंचांची. न्यू जर्सीतील माउंट हॉली येथील हवामान कार्यालयाच्या प्रमुखांनी ट्विटरवरून जाहीर माफी मागितली. त्या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण 'लांडगा आला रे आला' या गोष्टीतले गावकरी मुळात आळशी नव्हते, ते दोनदा धावून गेले होते, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणून माझे मत असे की, वेगवान वादळांच्या बाबतीत सार्वजनिक इशारा शेवटच्या चोवीस तासांतच द्यावा, आणि तो नेमका असावा.

बफलोवासी

आपली तळमळ समजते, परंतु आपल्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे असहमत आहे. डिसेंबर २०२२ च्या नाताळात मी न्यूयॉर्क राज्यातल्या बफलो शहरात होते. त्या वादळाचा इशारा काही दिवस आधीपासून स्पष्ट शब्दांत दिला गेला होता, 'पिढीतून एकदा येणारे वादळ' अशी भाषा हवामान खात्याने वापरली होती, आणि अंदाज चुकला नाही. विमानतळावर ५१.९ इंच बर्फ मोजला गेला आणि सलग ३७ तास समोरचे काही दिसत नव्हते. बफलो ज्या जिल्ह्यात येते त्या ईरी काउंटीत चाळीसहून अधिक माणसे गेली.

त्या शुक्रवारी वाहने चालवण्यावरची बंदी सकाळी साडेनऊपासून लागू झाली, आणि तोवर वादळ शहराच्या दारात उभे होते. तोपर्यंत कितीतरी माणसे कामावर पोहोचली होती, कारण बंदी नसेल तर गैरहजेरी लागते आणि तासावर पगार असणाऱ्याला ती परवडत नाही. माझे यजमान तेव्हा ज्या गोदामात काम करत, तेथेही 'बंदी जाहीर होईपर्यंत पाळी चालू राहील' असेच सांगण्यात आले होते. ते सुखरूप परतले. वाटेत दिसलेल्या, बर्फात अर्ध्या बुडालेल्या गाड्यांबद्दल ते आजही फारसे बोलत नाहीत.

इशारा लवकर मिळाला होता आणि निर्णय उशिरा झाला होता. इशाराच चोवीस तासांवर आणला, तर निर्णय आणखी किती उशिरा होतील, याचा विचार आपण करावा, ही विनंती. २०१५ च्या चुकीने न्यूयॉर्ककरांचा एक दिवस बुडाला, पण आमच्याकडे गेलेली माणसे परत येणार नाहीत. या दोन चुका एका तराजूत घालता येत नाहीत.

न्यूजर्सीकर

आपल्या यजमानांबद्दल वाचून फार वाईट वाटले, आणि ते सुखरूप आले याचा आनंदही आहे. मात्र बफलोचे ते वादळ आकाराने अवाढव्य होते आणि अंदाजाची सगळी संगणकीय प्रारूपे आठवडाभर आधीपासून त्यावर एकमत होती. मी बोलतो आहे ते लहान, निसटत्या वादळांबद्दल. पंचवीस क्लिपरसाठी सारखाच गजर झाला, तर सव्विसाव्या वेळी येणारे बफलोसारखे वादळ लोकांना वेगळे कसे कळणार?

अटलांटावासी

आपण दोघेही इंचांवर अडकला आहात, असे मला वाटते. २८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटात जेमतेम दोन-अडीच इंच बर्फ पडला. न्यू जर्सीत त्यासाठी कोणी फावडेही बाहेर काढले नसते. इशारा त्याच पहाटे पावणेचारच्या सुमारास अधिक कडक करण्यात आला, परंतु तोवर बहुतेकांचा दिवस ठरलेला होता. दुपारी बर्फ पडू लागताच शाळा, कचेऱ्या आणि सरकारी कार्यालये एकाच वेळी सुटली, सारे शहर एकाच तासात रस्त्यावर आले, आणि गाड्यांच्या गर्दीमुळे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकणारे ट्रकही पुढे जाऊ शकले नाहीत. हजारो मुलांनी ती रात्र शाळेत काढली, काहींनी तर बसमध्ये. माझी मुलगी तेव्हा दुसरीत होती. चार मैलांवरच्या शाळेत मी चालत पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते, आणि शिक्षिका मुलांना व्यायामशाळेत गाद्यांवर झोपवत होत्या.

बर्फ नक्की किती पडणार, हे आम्हाला ठाऊक नसते तरी चालले असते. तो दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान पडेल, रस्त्याचे तापमान गोठणबिंदूखाली असेल आणि तो लगेच दाबला जाऊन काचेसारखा होईल, एवढे आदल्या संध्याकाळी ठासून सांगितले गेले असते, तर मुले घरीच राहिली असती. वेगवान वादळाच्या बाबतीत खरा धोका वेळेत असतो. तेच दोन इंच रात्री दोनला पडले, तर ती फक्त पहाटेची साफसफाई ठरते.

मुंबईकर

येथे बर्फ नाही, पण प्रश्न ओळखीचा आहे. पावसाळ्यात 'रेड अलर्ट' म्हणून शाळांना सुट्टी दिली जाते आणि कधीकधी दिवसभर कडकडीत ऊन पडते. त्यानंतरच्या अलर्टला पालक हसतात. धागाकर्त्यांचे म्हणणे मला पटते.

मिनेसोटाकर

मुंबईकरांना माझा एक प्रश्न आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा लोकांना नेमके काय हवे होते? सुट्टीनंतरचे ऊन त्यांना त्या दिवशी आनंदाने चालले असते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. मिनेसोटात ११ नोव्हेंबर १९४० ची आठवण अजूनही सांगितली जाते. त्या सुट्टीच्या सकाळी हवा इतकी उबदार होती की, बदकांच्या शिकारीला गेलेले शेकडो लोक साध्या जाकिटांत मिसिसिपी नदीच्या बेटांवर पोहोचले. दुपारपर्यंत पारा कोसळला, वारा उठला आणि वादळाच्या सबंध पट्ट्यात मिळून दीडशेच्या आसपास माणसे दगावली. अंदाज तेव्हा शिकागोहून दिला जाई आणि वादळाचा वेग व जोर त्याला गाठता आला नाही. त्यानंतर आमच्या भागाचा अंदाज येथल्याच कार्यालयाकडे सोपवण्यात आला. मधल्या ऐंशीहून अधिक वर्षांत आपण जे मिळवले, ते मुख्यतः या आधीच्या तासांच्या रूपाने मिळवले आहे. ते तास स्वखुशीने परत करावेत, हा धागाकर्त्यांचा प्रस्ताव मला मान्य होणार नाही.

शिवाय ज्याची ते मागणी करतात, ती व्यवस्था आजही आहे. 'वॉच' म्हणजे वादळाची शक्यता साधारण निम्म्याहून अधिक आहे, तयारीला लागा. 'वॉर्निंग' म्हणजे खात्री साधारण ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचली आहे, हालचाल करा. शिवाय कमीत कमी, अपेक्षित आणि जास्तीत जास्त असे बर्फाचे तिन्ही आकडे नॅशनल वेदर सर्व्हिस हे सरकारी हवामान खाते स्वतः प्रसिद्ध करते. दूरचित्रवाणीवाले त्यांतला सर्वांत मोठा आकडा उचलतात, याबद्दल धागाकर्त्यांचा संताप योग्य आहे, परंतु तो योग्य पत्त्यावर जायला हवा. दोष शब्दांतही आहे, हे मी मान्य करतो: 'वॉच', 'वॉर्निंग' आणि 'अ‍ॅडव्हायझरी' (कमी तीव्रतेची सूचना) यांत लोकांचा इतका गोंधळ होतो की, यातला 'अ‍ॅडव्हायझरी' हा शब्द काढून साधी वाक्ये वापरण्याचा मानस खात्याने २०२१ मध्ये जाहीर केला होता. माझ्या सासूबाईंना आजही 'वॉच' हा 'वॉर्निंग'पेक्षा गंभीर वाटतो.

पेनसिल्व्हेनियाकर

नेमकेपणाची दुसरी बाजू कोणी मांडलेली नाही, म्हणून लिहितो. 'स्नो स्क्वॉल'चा, म्हणजे अचानक येऊन थोडाच वेळ टिकणाऱ्या दाट बर्फाच्या झोताचा, इशारा हा सर्व हिवाळी इशाऱ्यांत सर्वांत नेमका असतो. तो २०१८ पासून देशभर दिला जातो, नकाशावर लहानसा बहुकोन आखून दिला जातो आणि साधारण अर्धा ते एक तास लागू असतो. धागाकर्त्यांना जे हवे आहे, ते सगळे त्यात आहे.

२८ मार्च २०२२ रोजी सकाळी स्कूलकिल काउंटीत इंटरस्टेट ८१ या महामार्गावर असाच इशारा लागू होता. पांढरा पडदा उतरावा तसा बर्फ आला आणि सुमारे ऐंशी वाहने एकमेकांवर आदळली; आगी लागल्या, सहा माणसे दगावली. साठ-सत्तर मैलांच्या वेगात गाडी हाकणाऱ्याला तो इशारा कळलाच, तरी त्याने त्या क्षणी काय करायचे? महामार्गावर थांबणे धोक्याचे, पुढे जाणे धोक्याचे, आणि बाहेर पडण्याचा फाटा काही मैल दूर. 'आज दुपारपर्यंत अशा झोतांची शक्यता आहे, निघणे पुढे ढकला' हे ढोबळ वाक्य ज्याने आदल्या रात्री ऐकून मनावर घेतले, तोच त्या दिवशी खऱ्या अर्थाने सुरक्षित होता. उशिरा आलेला नेमका इशारा हा लवकर आलेल्या ढोबळ इशाऱ्याची जागा घेऊ शकत नाही. मी त्या रस्त्याने रोज जातो, आणि हे मी अत्यंत गांभीर्याने लिहीत आहे.

व्हर्जिनियाकर

पेनसिल्व्हेनियाकरांशी सहमत आहे, तरी धागाकर्त्यांच्या बाजूनेही थोडे. ३ जानेवारी २०२२ रोजी इंटरस्टेट ९५ वर फ्रेडरिक्सबर्गच्या परिसरात शेकडो गाड्या रात्रभर अडकल्या, सिनेटर टिम केन हेही त्यांत सत्तावीस तास होते. इशारा आदल्या दिवशी आलेला होता. परंतु आधी पाऊस पडणार असल्याने मिठाचे पाणी रस्त्यावर फवारता आले नाही, ते वाहून गेले असते, आणि पावसाचे बर्फात रूपांतर झाल्यावर ट्रक आडवे होत गेले. 'इतके इंच बर्फ' या वाक्यात यातले काहीही दिसत नव्हते. आधी पाऊस, मग भरभर बर्फ, मग कडाक्याची थंडी, हा क्रमच सर्वांत आधी सांगायला हवा होता.

न्यूजर्सीकर

स्क्वॉलचे उदाहरण मला निरुत्तर करणारे आहे, हे मोकळेपणाने कबूल करतो. चोवीस तासांची मर्यादा घालावी, ही माझी मागणी मी मागे घेतो. पण आवाजाबद्दलचा माझा आक्षेप कायम आहे, आणि अटलांटा व व्हर्जिनियाच्या प्रतिसादांमुळे तो अधिक पक्का झाला. तीन दिवस आधी इंच सांगू नयेत. दिवसाचा कोणता भाग बिघडू शकतो आणि कोणत्या क्रमाने, ते सांगावे. इंचांचा आकडा बदलला की लोक त्याला खोटे म्हणतात. 'परवा पहाटेच्या आसपास रस्ते निसरडे असण्याची शक्यता आहे' हे वाक्य मात्र या तीन दिवसांत एकदाही बदलावे लागले नसते.

आईवडिलांचे विमान पहाटे पाच वाजता उतरते. मी उद्या संध्याकाळी सातलाच निघून विमानतळाजवळ मुक्काम करणार आहे.

बफलोवासी

फार चांगले केलेत. गाडीत दोन जाड पांघरुणे, पाणी आणि फावडे ठेवा. आईवडिलांची औषधे विमानातून उतरल्यावर लगेच हाताशी असावीत. ती चेक-इन केलेल्या सामानात नसावीत, हे त्यांना निघण्यापूर्वीच फोन करून सांगा. परतताना रस्त्यात अडकलात, तर इंजिन सुरू ठेवण्याआधी खाली उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने काढा, आणि दर थोड्या वेळाने पुन्हा काढा, कारण ती बुजली की विषारी वायू आत येतो आणि त्याला वास नसतो. पोहोचल्यावर येथे दोन ओळी लिहा. आम्ही वाट पाहू.