मदत हवी आहे: सर्दीला अँटिबायोटिक नको, हे लोकांच्या गळी कसं उतरवायचं?

मंडळी, नमस्कार.

नोव्हेंबरच्या १८ ते २४ तारखांना प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंबद्दल जगभर जागृती आठवडा असतो. त्या निमित्ताने आमच्या गटापुढे अर्धा तास बोलायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. समोर बहुतेक तरुण पालक आणि निवृत्त मंडळी. मी डॉक्टर नाही. माहिती जमवलीय ढीगभर, घोडं अडलंय ते सांगायचं कसं यावर.

पहिलं म्हणजे आकडे. २०१९ साली जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज आहे. घरी हे वाचून दाखवलं तर सगळे "बापरे" म्हणाले आणि पाच मिनिटांत विषय संपला. आकड्याने धसका बसतो, सवय बदलत नाही. त्यामुळे ती स्लाइड उडवावी असं वाटतंय. तुमचं काय मत?

त्याहून चिवट गैरसमज दुसराच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये बारा देशांत पाहणी केली, तेव्हा ७६ टक्के लोकांना वाटत होतं की औषधाला सरावतं ते आपलं शरीर. मग "मी तर कधी गोळ्याच घेत नाही, मला काय होणार?" हे ओघानेच आलं. प्रत्यक्षात बदलतो तो जिवाणू. औषधाने बाकीचे मरतात, औषध फोडणारं एन्झाइम ज्याच्यापाशी आहे तो तगतो, वाढतो आणि त्याचं जनुक शेजारच्या वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही देऊन टाकतो. असा जिवाणू कधीही गोळी न घेतलेल्या माणसाच्या आतड्यातही मुक्कामाला येऊ शकतो. हे सांगायला तुमच्याकडे एखादं सोपं चित्र किंवा छोटा खेळ आहे का? पालकांसोबत मुलंही येणार आहेत.

आता खरी गोची. "कोर्स पूर्ण करा" हे सगळ्यांना पाठ आहे. पण अलीकडे बऱ्याच संसर्गांना कमी दिवसांचे कोर्स पुरतात असं दिसून आलंय. मोठ्या माणसांच्या साध्या न्यूमोनियाला अनेकदा पाच दिवस पुरतात. उलट क्षयरोगात महिनोन् महिने औषध घ्यावंच लागतं, मध्ये सोडलं की घात. हे दोन्ही एका दमात सांगितलं तर कुणी "बरं वाटलं, बंद केलं" एवढंच ऐकून घरी जाईल, अशी धास्ती आहे. सध्या वाक्य असं लिहिलंय: "डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, लवकर थांबवावंसं वाटलं तर आधी त्यांना विचारा." जाणकारांनी यात चूक असेल तर कान पकडावा.

आणि उरलेल्या गोळ्यांचं काय? परवाच एका ग्रुपवर अर्ध्या पट्टीचा फोटो आला, खाली प्रश्न, "घसा दुखतोय, ही चालेल का?" पट्टी अशी कापलेली की नावाचा शेवट आणि मुदतीची तारीख दोन्ही गायब. त्यावर तीन जणांनी अंगठा दिला होता! अशा वेळी समोरच्याला न दुखावता काय लिहायचं?

मला वाटतं, नुसतं "घेऊ नका" म्हणून भागत नाही. त्याऐवजी काहीतरी हातात द्यायला हवं. म्हणून किती दिवस वाट पाहायची ते सांगणार आहे: घसादुखी साधारण आठवडा, सर्दी दहा दिवस, खोकला तीन आठवड्यांपर्यंतही रेंगाळतो. शेंबूड हिरवा झाला म्हणजे अँटिबायोटिक लागतंच असं नाही, हेही. मात्र धाप लागणं, ताप उतरून पुन्हा चढणं, मूल पाणीही न पिणं अशी लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. या यादीत काय राहिलंय, डॉक्टर मंडळींनी कृपया सांगा, विशेषतः तान्ह्या बाळांसाठी. तेवढी स्लाइड मी अजून कोरीच ठेवली आहे.