टॉर: पहिला रिले दर वेळी तोच का येतो? वाट ठरवतं कोण?

वारसियाकर
टॉर ब्राउझर आपली ओळख लपवायला जोडणी तीन सर्व्हरमधून, म्हणजे रिलेंमधून नेतो; त्या वाटेला सर्किट म्हणतात. अ‍ॅड्रेस बारमधल्या सर्किटच्या चिन्हावर क्लिक केलं की ते तीन रिले दिसतात. ‘या साइटसाठी नवीन सर्किट’ कितीही वेळा दाबलं तरी दुसरा-तिसरा बदलतो, पहिला मात्र जर्मनीतला तोच. काही बिघडलंय का? शिवाय इथे बडोद्यात संध्याकाळी वेग फार पडतो. टॉरआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एंट्री (पहिला रिले) आणि एक्झिट (शेवटचा) दोन्ही भारतातले पक्के केले तर वाट जवळची होऊन फरक पडेल?

कामाठीबाग
बिघडलेलं काही नाही. वाट तुमच्याच मशीनवरचा टॉर प्रोग्राम ठरवतो, मधला कुठलाही सर्व्हर नाही. मोजके डिरेक्टरी सर्व्हर मतदान करून दर तासाला सगळ्या रिलेंची एक यादी काढतात. त्या यादीत प्रत्येकाचं वजन (किती भार पेलतो त्याचा आकडा) आणि खुणा असतात: गार्ड, म्हणजे पहिला रिले, व्हायच्या लायकीचा, एक्झिट, स्थिर, जलद. तुमचा टॉर ती यादी उतरवून घेतो आणि तिच्यातून निवड करतो.

निवड उलटीकडून होते. आधी एक्झिट, कारण तुम्हाला हवा तो पोर्ट (इंटरनेटवरच्या सेवेचा क्रमांक) त्याच्या धोरणात उघडा असायला हवा (ईमेल पाठवायचा २५ नंबरचा पोर्ट मुळातच बंद असतो). मग गार्ड, शेवटी मधला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड, पण वजनाप्रमाणे: दहापट वजनाचा रिले साधारण दहापट वेळा लागतो. एक्झिट कमी पडत असतील तर त्यांना मधल्या जागेवर खर्च करत नाहीत. आणि एका सर्किटमध्ये ज्यांच्या आयपी पत्त्याचे टिंबांनी वेगळे केलेले पहिले दोन आकडे सारखे आहेत किंवा ज्यांनी आपण एकाच चालकाचे असं जाहीर केलंय, असे दोन रिले कधीच घेत नाहीत.

चांपानेर दरवाजा
पहिला तोच का, हे हिशोबाने बघा. समजा कोणा वाईट माणसाकडे गार्डच्या वजनाचा ५ टक्के आणि एक्झिटच्या वजनाचाही ५ टक्के हिस्सा आहे. दोन्ही टोकं त्याच्या हातात पडली की कोण कुठल्या साइटवर जातंय हे त्याला जुळवता येतं. तसं व्हायची शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, म्हणजे ४०० सर्किटांत एक. ऐकायला फार कमी वाटते. पण दर सर्किटला गार्ड बदलला, तर ४०० सर्किटं होईपर्यंत निदान एकदा सापडायची शक्यता ६३ टक्क्यांवर जाते, आणि ब्राउझर एवढी सर्किटं बघता बघता बनवतो. गार्ड काही महिने एकच ठेवला तर तेवढा सगळा काळ तुम्ही या माणसापासून निर्धास्त असण्याची शक्यता ९५ टक्के.

आपल्या जुन्या बडोद्याच्या मधोमध असलेल्या मांडवीला चार दरवाज्यांकडून रस्ते येतात. रोज वेगळ्या दरवाज्याने गेलात तर चारही पहारेकरी तोंड ओळखतील, एकाच दरवाज्याने गेलात तर एकच. म्हणून ‘नवीन ओळख’ दाबलं तरी टॅब बंद होतात, कुकीज जातात, गार्ड जात नाही. कृपा करून स्टेट नावाची फाइल (टॉर आपला गार्ड तिच्यात लिहून ठेवतो) पुसून नवा गार्ड मिळवायच्या मागे लागू नका. हा सल्ला जागोजागी दिला जातो आणि तो घातक आहे.

कामाठीबाग
आता देश पक्का करण्याबद्दल. नका करू. दोन्ही टोकं एकाच देशात आली की तिथलं नेटवर्क बघणाऱ्याला वेळा जुळवून तुम्हाला पकडणं सोपं जातं. एखाद्या देशात एक्झिट मोजकेच असतील तर ज्यात तुम्ही लपता ती गर्दीही लहान होते. आणि एक गैरसमज: टॉरआरसीत एक्झिटनोड्स (कुठले एक्झिट वापरायचे ती यादी) लिहिलं की ते सक्तीचंच असतं, सक्ती करणारी स्ट्रिक्टनोड्सची ओळ त्याला लागू नाही, ती फक्त एक्सक्लूडनोड्ससाठी, म्हणजे टाळायच्या रिलेंच्या यादीसाठी. त्यामुळे यादीतला एकही एक्झिट चालू नसेल तर पान नुसतं फिरत राहतं.

वेगही फारसा सुधारणार नाही. टॉर रिले निवडताना अंतर बघतच नाही. तो सर्किट बनायला लागणारा वेळ मोजत राहतो आणि सर्वांत मंद अशी सुमारे २० टक्के सर्किटं सोडून देतो. संध्याकाळी आधी टॉरशिवाय वेग मोजा. तोही पडलेला असेल तर दोष लाइनचा. लाइन ठीक असेल तर दोन-तीनदा नवीन सर्किट घ्या. फरक पडला तर मधला किंवा एक्झिट भरलेला होता.

वारसियाकर
समजलं, ओळी काढून टाकल्या. सर्किट १० मिनिटांनी बदलतं म्हणतात, मग मोठी फाइल अर्ध्यात तुटते का?

चांपानेर दरवाजा
नाही. १० मिनिटांनंतर त्या सर्किटवर नवीन जोडणी घालत नाहीत, चालू असलेली शेवटपर्यंत तिथेच राहते. टॉर ब्राउझरमध्ये एखाद्या साइटवर वावर चालू असेपर्यंत तिचं सर्किट त्याहूनही टिकतं. एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करायची सोय) २२ नंबरसारख्या पोर्टसाठी तर ‘स्थिर’ खूण असलेलेच रिले घेतले जातात. तरीही डाउनलोड तुटलं, तर वाटेतला एखादा रिले बंद पडला असेल. चालू जोडणी दुसऱ्या सर्किटवर हलवता येत नाही, म्हणून ते पुन्हा सुरू करावं लागतं.