आधी हवा, मग इंजिन
वेगाचा विक्रम करणारी गाडी कोल्हापुरात बनवायची, तर इंजिन कुठलं घ्यायचं यावरच वर सगळी चर्चा चालली आहे. माझं म्हणणं, आधी हवेचा विचार करा. वेग दुप्पट केला की हवा कापायला लागणारी इंजिनाची ताकद (हॉर्सपॉवर) आठपट होते. म्हणून गाडी समोरून जेवढी अरुंद, तेवढं बरं. अमेरिकेतल्या समर्स बंधूंनी १९६५ साली 'गोल्डनरॉड' या विक्रमी गाडीमध्ये चार क्रायस्लर इंजिनं एकामागे एक बसवली ती त्यासाठीच. अमेरिकेतल्याच बोनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर तिनं ताशी ६५८ किलोमीटर गाठले!

चासी (गाडीचा सांगाडा), लेथकाम, कास्टिंग आपल्या कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीत उत्तम होतं, त्याची काळजी नको. टायरवर मात्र पैसे वाचवू नका भावांनो. वेग दुप्पट झाला की टायर फाडू पाहणारं बल चौपट होतं. जुने, रिमोल्ड (नवं रबर चढवलेले) टायर तर अजिबात नकोत.